अबोल मुलांच्या वतीने शाळेच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, विश्वस्त मंडळ,
तसेच मा. मुख्याध्यापिका

विषय : प्रज्ञा वर्गाच्या निवडीचे नवे निकष आणि अबोल विद्यार्थ्यांना मिळणारी वागणूक

स. न. वि. वि.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात आपण एक परिपत्रक काढले आणि प्रज्ञा वर्गाच्या, म्हणजे बुद्धिमान मुलांसाठी शनिवारी दोन तास भरणाऱ्या वर्गाच्या, निवडीची पद्धत बदलली. सहावी ते आठवीच्या मुलांमधून 24 जण निवडताना पूर्वी 70 गुण लेखी चाचणीला आणि 30 गुण मुलाने ठेवलेल्या प्रकल्पवहीला असत. आता लेखी चाचणीला 40, गटचर्चेला 25, व्यासपीठावरच्या दोन मिनिटांच्या उत्स्फूर्त भाषणाला 25 आणि मुलाखतीला 10 गुण आहेत. प्रकल्पवही वगळली गेली. गेल्या वर्षी जी मुले या वर्गात होती त्यांनाही हीच चाळणी पुन्हा लावण्यात आली, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात फलकावर लागलेल्या यादीत माझ्या मुलीचे नाव नव्हते.

या संदर्भात मी शाळेला दोन लेखी अर्ज दिले. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. जुलैच्या पालकसभेनंतर मला दहा मिनिटे वेळ देण्यात आला, त्याबद्दल मी आभारी आहे. पण त्या दहा मिनिटांत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला जे सांगितले ते ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. ते म्हणाले, ‘ताई, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते. जगाची रीतच ही आहे, तुम्ही मुलीला बोलते करा.’ ते आपुलकीने बोलले, याबद्दल मला शंका नाही. ही म्हण मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. परंतु ती बाजाराचे वर्णन करते. शाळेने बाजाराची रीत आपला निकष म्हणून स्वीकारली, तर सोने ओळखायचे काम कोणाकडे राहिले, हा प्रश्न मला त्या वेळी विचारता आला नाही. तो मी आता सर्वांसमक्ष विचारते आहे, कारण सभेनंतर फाटकाशी मला आणखी तीन पालकांनी थांबवले आणि तिघांच्याही घरी हीच कथा होती.

माझा या प्रश्नाशी दुहेरी संबंध आहे. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत 17 वर्षे शिकवते आहे आणि आपल्या शाळेत सातवीत शिकणाऱ्या एका मुलीची आई आहे. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत ती जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत आली, तेव्हा शाळेच्या प्रवेशद्वाराशी लावलेल्या फ्लेक्सवर तिचा फोटो होता. तेव्हाही ती इतकीच अबोल होती.

गेल्या वर्षी तिने जी प्रकल्पवही ठेवली तिच्याविषयी मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण नव्या पद्धतीत नेमके काय मोजले जात नाही ते त्याशिवाय कळणार नाही. सहावीच्या भूगोलाच्या तासाला तिच्या मनात एक शंका आली होती : दुपारी बारा वाजता सावली सर्वांत आखूड असते म्हणतात, मग आमच्या गच्चीवरच्या टाकीची सावली बारानंतरही आखूड होत का जाते? हा प्रश्न तिने वर्गात विचारला नाही. घरी आल्यावर तिने एका कुंडीत सिमेंट घालून काठी उभी केली, ओळंब्याने ती सरळ आहे याची खात्री केली आणि ऑक्टोबर ते मार्च, जवळजवळ प्रत्येक रविवारी, ती गच्चीवर बसून सावली मोजू लागली. पहिले तीन रविवार वाया गेले. सावली सर्वांत आखूड असते त्या सुमारास तिची लांबी इतकी सावकाश बदलते, की नेमका क्षण पट्टीने सापडतच नाही. मग तिने शाळेच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात शंकुयंत्राचे वर्णन वाचले. काठीभोवती वर्तुळ काढायचे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला टेकते ती वेळ लिहायची, दुपारी ते पुन्हा टेकते ती वेळ लिहायची, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्विदांची दिशासाधनाची ही रीत तिने वेळ काढण्यासाठी वापरली.

वहीतला नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारचा आकडा 12 वाजून 18 मिनिटे आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारचा 12 वाजून 48 मिनिटे आहे. मधल्या सगळ्या रविवारांचे आकडे तिने आलेख कागदावर मांडले आहेत आणि बिंदू जोडल्यावर एक वर चढत जाणारी, फेब्रुवारीनंतर खाली वळणारी रेघ तयार झाली आहे. आलेखाखाली तिने लिहिले आहे : ‘आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताचे आहे. सातारा 74 अंशांवर आहे. साडेआठ अंशांचा फरक म्हणजे 34 मिनिटे. म्हणून सावली 12 वाजून 34 मिनिटांनी सर्वांत आखूड व्हायला हवी. पण ती कधी आधी होते, कधी नंतर. सूर्य घड्याळाप्रमाणे का चालत नाही?’

पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून हा फरक पडतो. खगोलशास्त्रात त्याला रीतसर नाव आहे. बारा वर्षांची मुलगी कोणीही न सांगता, काठी आणि खडू घेऊन, त्या प्रश्नापर्यंत चालत गेली होती. वहीच्या त्या पानावर लाल शाईत ‘पाहिले’ असा शेरा, तारीख आणि सही आहे. प्रश्नाला उत्तर नाही.

आता निवडीच्या दिवसाचे सांगते. गटचर्चेसाठी सात मुलांचा गट होता, विषय होता ‘मोबाइल : शाप की वरदान’, आणि वेळ होती दहा मिनिटे. ती एकही वाक्य बोलली नाही. घरी आल्यावर मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘सगळे बोलत होते. कोणी थांबले की मी बोलणार होते. कोणी थांबलेच नाही.’ उत्स्फूर्त भाषणासाठी तिने चिठ्ठी उचलली, व्यासपीठावर गेली आणि गप्प उभी राहिली. समोर जवळजवळ साठ मुले बसली होती. परीक्षकांपैकी एकांनी माइकवरून विचारले, ‘घरी तरी बोलतेस का गं?’ मुले हसली. त्या दिवसापासून वर्गात तिचे नाव ‘म्यूट’ पडले आहे. हाक मारताना, गट पाडताना, डबा खाताना, सगळीकडे तेच. दोन महिने झाले, रविवारी ती गच्चीवर गेलेली नाही. पाऊस आहे म्हणून, असे ती सांगते. पाऊस तर आहेच.

माझी पहिली आणि मुख्य तक्रार निकषांविषयी आहे. गटचर्चा आणि उत्स्फूर्त भाषण यांतून एखादे मूल अनोळखी विषयावर, अनेकांसमोर, किती चटकन बोलू शकते ते कळते. ते एक कौशल्य आहे, चांगले कौशल्य आहे, आणि ज्या मुलांकडे ते आहे त्यांच्याविषयी मला कौतुकच वाटते. पण 100 पैकी 60 गुण बोलण्याला देऊन त्याला प्रज्ञेची निवड म्हणणे चूक आहे. एखाद्या प्रश्नामागे सहा महिने लागण्याची चिकाटी, फसलेली पद्धत टाकून दुसरी शोधण्याची बुद्धी, आकड्यातली विसंगती पाहून ‘असे का?’ म्हणण्याची वृत्ती यांपैकी एकही गोष्ट दहा मिनिटांच्या गटचर्चेत दिसू शकत नाही. ती फक्त वहीत दिसते, आणि आपण वहीच काढून टाकली. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची रचना पाहावी. मुंबईची विज्ञान शिक्षकांची संघटना 1981 पासून ती घेते आहे. तिथेही मुलाखत आहे, पण तिच्या आधी लेखी परीक्षा आहे, प्रात्यक्षिक आहे, आणि मुलाखतीच्या बरोबरीने मुलाने स्वतः केलेला कृतिसंशोधनाचा प्रकल्प आहे, म्हणजे मुलाखतीत बोलायला मुलाकडे स्वतःचे काहीतरी असते. ‘तू सावली कशी मोजलीस?’ असे तिला कोणी एकट्याने विचारले असते, तर ती अर्धा तास बोलायची थांबली नसती, हे मी आई म्हणून खात्रीने सांगते.

शाळेचे म्हणणे मला माहीत आहे. पुढे स्पर्धेचे जग आहे, नोकरीच्या मुलाखतीत गटचर्चा असतात, म्हणून आतापासून सवय हवी. सवय हवी हे मान्य. पण ज्या मुलाला बोलणे जमत नाही त्याला ते शिकवायचे असेल, तर त्याला वर्गात घ्यावे लागेल. जमत नाही म्हणून बाहेर काढले, तर ते शिकणार कुठे?

दुसरी तक्रार माइकवरून विचारलेल्या त्या प्रश्नाची आहे. त्या शिक्षकांचा हेतू वाईट नसावा. परंतु बारा वर्षांच्या मुलीला साठ जणांसमोर विचारलेल्या अशा प्रश्नाचे पुढे काय होते, हे आपण सर्वांनी समजून घेतले पाहिजे. माणसाच्या मनाची जडणघडण समाजाशी येणाऱ्या संबंधांतून आठ टप्प्यांत कशी होते, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये केली आणि डी.एड., बी.एड. केलेल्या आपण सर्वांनी ती परीक्षेपुरती तरी वाचली आहे. साधारण सहा ते बारा या वयात मुलापुढचा प्रश्न असतो, ‘मला काही जमते का?’ जमते असे वाटले तर उद्यमशीलता येते, नाही वाटले तर न्यूनगंड घर करतो. त्यापुढच्या, किशोरवयाच्या टप्प्यात प्रश्न बदलतो : ‘मी कोण आहे?’ सातवीतले मूल बरोबर या दोन टप्प्यांच्या उंबरठ्यावर उभे असते. अशा वेळी शाळेने त्याला एक उत्तर हातात दिले, की तू म्यूट आहेस, घुमी आहेस, तर ते उत्तर ते मूल फार दूरवर बरोबर नेते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. त्या प्रसंगाला छळ म्हणावे असे माझे म्हणणे नाही. पण त्या कलमामागची जाणीव शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात उतरायला हवी, असे मात्र आहे. त्याच कायद्याचे कलम 29 तर आपल्या विषयाला थेट भिडते. मुलाला भय, मानसिक आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि त्याला आपले विचार मोकळेपणाने मांडायला मदत करावी, असे त्यात म्हटले आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच उपकलमात, एका दमात सांगितल्या आहेत. आपण मोकळ्या अभिव्यक्तीची अपेक्षा धरली आणि तिच्या आधी लिहिलेली भयमुक्ती वगळली.

तिसरी तक्रार लहान वाटेल, पण माझ्या मुलीने सर्वांत जास्त मनाला लावून घेतलेली तीच आहे. मधल्या सुट्टीत ग्रंथालय बंद ठेवण्याचा निर्णय यंदा झाला. ‘काही मुले कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसतात, इतरांत मिसळत नाहीत’ हे कारण देण्यात आले. सकाळपासून पन्नास-साठ मुलांच्या गलक्यात बसलेल्या अंतर्मुख मुलाला ती वीस मिनिटे दम घ्यायला लागतात. ती मिळाली तर ते दुपारच्या तासांना लक्ष देऊ शकते. शंकुयंत्राचे पुस्तकही तिला मधल्या सुट्टीतच सापडले होते. शिवाय ग्रंथालयात ती एकटी नसे. आठवीतली एक मुलगी आणि पाचवीतला एक मुलगा त्याच टेबलाशी बसत, आणि तिघे मिळून एकच नकाशासंग्रह पाहत. शाळेला जे मिसळणे हवे आहे ते तिथे घडत होते.

चौथी तक्रार प्रगतिपत्रकातील नोंदींची, आणि इथे मला आधी स्वतःकडे बोट दाखवले पाहिजे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आम्ही शिक्षक प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करतो. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने असतात, आणि तयार नोंदींच्या याद्या आम्हा सर्वांच्या मोबाइलवर फिरत असतात. ‘अबोल आहे’, ‘वर्गात सहभाग वाढवावा’, ‘एकलकोंडी वृत्ती सोडावी’ ही वाक्ये मी वर्षानुवर्षे ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात उतरवून काढली आहेत. चौथीतल्या एका मुलाविषयी मी सलग दोन सत्रे ‘अबोल’ असे लिहिले. नंतर शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले तेव्हा कळले, की त्याला डाव्या कानाने फारच कमी ऐकू येते. मी त्याला दोन सत्रे खिडकीच्या बाजूला, उजवा कान रस्त्याकडे करून बसवले होते. ‘अबोल’ हा शब्द लिहून माझे निरीक्षण पूर्ण झाले, असे मी समजत होते, आणि प्रत्यक्षात ते सुरूही झाले नव्हते. माझ्या मुलीच्या प्रगतिपत्रकात यंदा तोच शब्द त्याच रकान्यात आला, तेव्हा मला त्या मुलाची आठवण झाली.

न बोलण्यामागे अनेक कारणे असतात आणि ती वेगवेगळी ओळखावी लागतात. कोणाला ऐकू कमी येते, कोणाची घरची भाषा निराळी असते, कोणी भेदरलेले असते, कोणाच्या घरात काही बिनसलेले असते. काही मुलांना लोकांसमोर जाण्याची इतकी चिंता वाटते की पोटात दुखते, घाम फुटतो, आणि त्यांना तज्ज्ञांची मदत लागते. बुजरे मूल वेगळे. त्याला बोलायचे असते, पण भीती आडवी येते. आणि अंतर्मुख मूल आणखी वेगळे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख हा भेद मांडला, तो दोष आणि गुण म्हणून मांडला नव्हता. मनाचा ओढा आत आहे की बाहेर, एवढाच तो भेद आहे. अंतर्मुख मूल आधी विचार पुरा करते आणि मग बोलते. त्याला थोडे मित्र पुरतात, पण ते जिवाभावाचे लागतात. स्वभावाची ही बीजे फार लवकर दिसतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवे वास, हलती खेळणी देऊन पाहिले, तेव्हा साधारण पाचवा हिस्सा बाळे त्यांना फार तीव्र प्रतिसाद देत होती, आणि त्यांच्यातली बरीच मुले पुढे नवख्या माणसांत सावध, मागे राहणारी निघाली. सावधपणा आणि अंतर्मुखता एकच नव्हेत, हे मी वर म्हटलेच आहे. पण पाळण्यापासून आलेला स्वभाव शेरे मारून बदलत नाही, एवढे तरी त्यावरून कळावे.

मूल अंतर्मुख असून शिवाय बुद्धीने पुढे असेल, तर त्याचे एकटेपण दुप्पट होते, आणि याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. त्याचे विचार पंधराव्या वर्षाचे असतात, रडू बाराव्या वर्षाचे असते आणि कधी कधी हट्ट आठव्या वर्षाचा असतो. प्रज्ञावंत मुलांच्या वाढीतला हा विषम वेग 1991 मध्ये अमेरिकेतील पालक आणि अभ्यासकांच्या एका गटाने प्रज्ञेच्या व्याख्येच्याच केंद्रस्थानी आणला. त्याच्याही कितीतरी आधी, मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांनी न्यूयॉर्कमध्ये फार उच्च बुद्धिमत्तेच्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांच्या निधनानंतर 1942 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ही मुले एकटी पडतात ती मित्र नकोत म्हणून नव्हे, जुळणारे मित्र मिळत नाहीत म्हणून, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. सातवीच्या वर्गात सूर्याच्या वेळेविषयी बोलायला माझ्या मुलीला कोण मिळणार? प्रज्ञा वर्गात मिळाले असते. तिथे वेगवेगळ्या इयत्तांतली, तशाच वेडाची मुले एकत्र येतात, आणि गेल्या वर्षी तिला तिथे एक मैत्रीण मिळालीही होती. म्हणून यादीतून नाव जाणे म्हणजे शनिवारचे दोन तास जाणे, एवढाच त्याचा अर्थ होत नाही. ज्या मुलीला मिसळायला शिकवायचे आहे, तिची मिसळण्याची उरलेली एकमेव जागाही आपण काढून घेतली आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार घेऊन पुण्यात ज्ञान प्रबोधिनी 1962 मध्ये उभी राहिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी पूरक साहित्य, विषयवार मंडळे आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांचा उल्लेख आहे. आपल्या शाळेने प्रज्ञा वर्ग सुरू केला तो याच परंपरेत, आणि गावात त्याविषयी आदर आहे. तो आदर मलाही आहे. म्हणूनच मुलीला दुसऱ्या शाळेत घालण्याचा सल्ला अनेकांनी दिला असूनही मी तिथे न जाता आपल्याला हे पत्र लिहिते आहे.

उपाय खर्चिक नाहीत. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतले ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात असे आढळले. ही वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरे लांबतात, गप्प बसणारी मुले बोलू लागतात आणि मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. मी हे माझ्या वर्गात करून पाहिले आहे. प्रश्न विचारल्यावर मी टेबलाखाली एकेक बोट मिटत पाचपर्यंत मोजते. पहिल्या आठवड्यात ती पाच बोटे मलाच फार लांब वाटली. पुढे बसणारी मुले ‘बाई, मी सांगू? मी सांगू?’ म्हणून उठत राहिली. तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने वर्षातला पहिला हात वर केला. दुसरा साधा उपाय म्हणजे प्रश्नावर आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून वहीत दोन ओळी लिहायच्या, मग शेजारच्याला सांगायच्या आणि मगच वर्गासमोर बोलायचे. याला साधने लागत नाहीत, निधी लागत नाही. लागते ती फक्त शिक्षकाने आपली घाई आवरण्याची तयारी.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत, आणि त्या केवळ माझ्या मुलीसाठी नाहीत.

प्रज्ञा वर्गाच्या निवडीत प्रकल्पवही परत आणावी आणि तिला किमान 30 गुण असावेत. तोंडी भाग ठेवायचाच असेल तर तो मुलाच्या स्वतःच्या प्रकल्पावर, एक-दोन शिक्षकांसमोर, विषय आधी सांगून व्हावा. व्यासपीठावरचे उत्स्फूर्त भाषण निवडीतून काढून वर्गातल्या अभ्यासक्रमात घ्यावे, म्हणजे ते सर्वांना शिकता येईल.

यंदा ज्या मुलांची नावे केवळ तोंडी भागामुळे गेली, त्यांचा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी जुन्या निकषांनी फेरविचार व्हावा. निवड झालेल्या एकाही मुलाचे नाव त्यासाठी काढू नये, जागा वाढवाव्यात.

मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडावे. हे उद्यापासूनही करता येईल.

प्रगतिपत्रकात ‘अबोल’, ‘एकलकोंडा’ असे शिक्के लिहिणे बंद व्हावे आणि त्याजागी शिक्षकाने काय पाहिले ते लिहावे. मूल गप्प आहे असे आढळल्यास आधी कान, डोळे, घरची भाषा आणि घरची परिस्थिती यांची चौकशी व्हावी. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस तरी प्रशिक्षित समुपदेशक शाळेत असावा. तालुक्यातील दोन-तीन संस्था एकत्र आल्या तर तो खर्च वाटून घेता येईल, आणि पालक-शिक्षक संघ त्यात वाटा उचलेल असे मला इतर पालकांशी बोलल्यावर वाटते.

शिक्षकांसाठी या विषयावर निदान एक दिवसाचे प्रशिक्षण व्हावे. बोलावल्यास माझे 17 वर्षांचे अनुभव आणि माझ्या चुका घेऊन मी विनामूल्य येईन.

माइकवरच्या त्या प्रसंगाबद्दल कोणी जाहीर माफी मागावी, अशी माझी मागणी नाही. माझ्या मुलीला ती नको आहे. पुन्हा साठ जणांसमोर तिचा विषय निघावा, हे तिला सहन होणार नाही. त्या शिक्षकांनी तिला एकटीला बोलावून दोन मिनिटे बोलावे आणि ‘म्यूट’ ही हाक वर्गात थांबवावी, एवढीच विनंती आहे.

हे पत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी मी तिला वाचायला दिले. ते तिने दोन दिवस आपल्याजवळ ठेवले, दोन वाक्ये खोडली, आणि नोव्हेंबरचा आकडा मी चुकून 12 वाजून 16 मिनिटे असा लिहिला होता तो दुरुस्त केला. खोडलेली वाक्ये मी काढून टाकली आहेत. तिचे, शाळेचे आणि कोणत्याही शिक्षकांचे नाव या पत्रात नाही, आणि पुढेही येणार नाही.

गणेशोत्सवाच्या सुट्टीपूर्वी मला आपले लेखी उत्तर मिळावे. शाळेला द्यावयाच्या प्रतीसोबत वहीची छायाप्रत जोडली आहे. तिच्या 43 व्या पानावरचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. शाळेतील विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकांपैकी कोणी त्याखाली चार ओळी लिहून वही परत केली, तर ती मी तिच्या हाती देईन.

आपली नम्र,
सातवीतील एका विद्यार्थिनीची आई
सातारा